वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल आणि निकामी झालेल्या किडन्या: ब्रसेल्सचं प्रकरण

किडनीच्या आजाराचा विषय निघाला की मधुमेह आणि रक्तदाब ही दोन नावं सगळ्यात आधी येतात. ते योग्यच आहे, कारण जगभरात किडनी निकामी होण्यामागे हीच दोन कारणं आघाडीवर आहेत. तरीही अभ्यासासाठी मी मुद्दाम असं प्रकरण निवडलं, ज्यात या दोन्हींचा हात नव्हता. वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या कॅप्सूलमधून एक विष पोटात गेलं आणि धडधाकट स्त्रियांच्या किडन्या काही महिन्यांत सुकून गेल्या. त्या स्त्रियांना पुढे डायलिसिस लागलं, कित्येकींना दुसऱ्या कुणाची किडनी घ्यावी लागली. रोग टाळणं आणि अवयवदान हे विषय आपण सहसा वेगवेगळे मांडतो. माझ्या मते ते एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत आणि हे प्रकरण पाहिलं की ते स्पष्ट दिसतं.

काय घडलं

ब्रसेल्समध्ये वजन कमी करून देणारं एक क्लिनिक होतं. पंधराहून अधिक वर्षं ते चालू होतं. भूक मारणारी फेनफ्लुरामीनसारखी औषधं, लघवीचं प्रमाण वाढवणारं ॲसिटाझोलामाइड, कॅस्कारा हे रेचक, बेलाडोनाचा अर्क असं बरंच काही तिथल्या उपचारात एकत्र दिलं जाई. अशी सरमिसळ मला मुळातच पटत नाही, पण इतक्या वर्षांत तिच्यामुळे कुणाच्या किडन्या गेल्याचं लक्षात आलं नव्हतं. मे 1990 मध्ये या उपचारात दोन चिनी वनस्पतींच्या पावडरींची भर पडली: स्टेफानिया टेट्रान्ड्रा आणि मॅग्नोलिया ऑफिसिनॅलिस.

त्यानंतर ब्रसेल्सच्या किडनीतज्ज्ञांकडे दोन तरुण स्त्रिया आल्या. दोघींची किडनी झपाट्याने ढासळत होती आणि नेहमीचं कोणतंही कारण लागू पडत नव्हतं. बायोप्सीत दिसलेलं चित्र चक्रावून टाकणारं होतं. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे पुंजके बऱ्यापैकी शाबूत होते, पण त्यांच्यापुढच्या सूक्ष्म नलिका नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी नुसता तंतुमय व्रण भरला होता. एवढी हानी झाली असताना दाहाच्या पेशी मात्र फारशा नव्हत्या.

इरास्म रुग्णालयातले ज्याँ-लुई व्हानहेरवेगेम आणि त्यांचे सहकारी दोघींमधला समान धागा शोधू लागले. दोघी त्याच क्लिनिकमध्ये जात होत्या. इथे ही मंडळी थांबली असती, तर दोन दुर्मीळ प्रकरणांची नोंद होऊन विषय संपला असता. त्यांनी शहरातल्या बाकीच्या किडनी केंद्रांकडे विचारणा केली. 1991 आणि 1992 या दोन वर्षांत किडनी निकामी होऊन आलेल्या, पन्नाशीच्या आतल्या आणखी सात स्त्रिया सापडल्या. सातही जणींनी तोच उपचार घेतला होता.

या नऊ जणींची हकिगत फेब्रुवारी 1993 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्याआधीच, 1992 च्या अखेरीस, संबंधित पावडरी बेल्जियमच्या बाजारातून काढून घेण्यात आल्या होत्या. पण ज्यांच्या पोटात त्या आधीच गेल्या होत्या, त्यांचं नुकसान थांबलं नाही. पुढच्या काही वर्षांत रुग्णांची संख्या शंभरापलीकडे गेली आणि त्यांतल्या बहुतेकींच्या किडन्या पूर्ण निकामी झाल्या. कॅप्सूल बंद केल्यानंतरही कित्येकींचा आजार पुढे सरकतच राहिला. आजार फार पुढे गेलेला नव्हता अशा काही जणींमध्ये स्टेरॉइड देऊन त्याचा वेग कमी करता आला. तो उलटवता मात्र कुणालाच आला नाही.

लेबलवर एक, कॅप्सूलमध्ये दुसरंच

स्टेफानिया ही वनस्पती किडनीला असं काही करते याची आधी कुठेही नोंद नव्हती. त्यामुळे संशोधकांनी वनस्पतीबद्दलची पुस्तकं बाजूला ठेवली आणि त्या पावडरीच तपासायला घेतल्या. स्टेफानियात टेट्रान्ड्रीन नावाचं अल्कलॉइड असायला हवं. अनेक नमुन्यांत ते नव्हतंच. त्याऐवजी सापडलं ॲरिस्टोलोकिक आम्ल. हे आम्ल ॲरिस्टोलोकिया या वेगळ्याच वंशातल्या वनस्पतींमध्ये असतं. 1994 मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले.

घोटाळा नावाचा होता. चिनी औषधव्यापारात स्टेफानियाला ‘हान फांग जी’ म्हणतात आणि ॲरिस्टोलोकिया फांगचीला ‘ग्वांग फांग जी’. व्यवहारात दोन्हींसाठी नुसतं ‘फांग जी’ हे नाव चालतं. वाळलेली मुळी दळून तिची पावडर झाली की डोळ्यांना फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतो, आणि रुग्णाच्या पोटात जाण्याआधी ती तपासणी कुणी केलीच नाही. वनस्पती पिकवणारा, दळणारा, आयात करणारा, कॅप्सूल भरणारा, लिहून देणारा अशी ही लांब साखळी. प्रत्येकाने आधीच्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवला.

मला यातली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ॲरिस्टोलोकिक आम्ल घातक असल्याचं 1990 मध्ये काही गुपित नव्हतं. उंदरांमध्ये त्याने कर्करोग होतो हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं आणि जर्मनीने हे आम्ल असलेली औषधं तेव्हाच बाजारातून काढली होती. माहिती शेजारच्या देशात होती. पण आपल्या कॅप्सूलमध्ये हे असू शकतं अशी शंकाच कुणाला आली नाही, म्हणून ती उपयोगी पडली नाही.

सुरुवातीला या आजाराला ‘चिनी वनस्पतींचा किडनीविकार’ म्हणत. पुढे ते नाव मागे पडलं आणि ‘ॲरिस्टोलोकिक आम्लाचा किडनीविकार’ हे नाव रूढ झालं. हा बदल मला रास्त वाटतो. दोष एका देशाच्या वैद्यकपरंपरेचा नव्हता. एक विशिष्ट विष होतं आणि ते ओळखण्याची व्यवस्था नव्हती. शिवाय त्या क्लिनिकमध्ये या वनस्पती ज्या कारणासाठी आणि ज्या औषधांसोबत दिल्या गेल्या, त्याचा पारंपरिक चिनी वैद्यकाशी तसा काही संबंध नव्हता.

कारण पक्कं व्हायला आणखी काही वर्षं गेली. उपचार घेणाऱ्या सगळ्याच आजारी पडल्या नव्हत्या, त्यामुळे सोबतच्या औषधांचा हात असावा असं काही जण म्हणत राहिले. 1996 मध्ये रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएला ॲरिस्टोलोकिक आम्लाचे अवशेष चिकटलेले सापडले. पुढे ससे आणि उंदरांना नुसतं हे आम्ल देऊन तशाच व्रणांनी भरलेल्या किडन्या प्रयोगशाळेत तयार झाल्या. तिथे शंकेला फारशी जागा उरली नाही. सगळ्याच का आजारी पडल्या नाहीत, याचं एक उत्तर मात्रेत आहे. कुणी काही आठवडे कॅप्सूल घेतल्या, कुणी दोन वर्षं.

आजार कळायला इतका उशीर का झाला

प्रतिबंधाच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनला आधी एक गाळणी आणि पुढे एक लांब नलिका. दोन्ही किडन्यांतल्या गाळण्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळपास सगळा नलिका परत शोषून घेतात आणि उरलेली लघवी दीड-दोन लिटर भरते. ॲरिस्टोलोकिक आम्ल रक्तातून उचलून आपल्या पेशीत घेण्याचं काम नलिकेचा सुरुवातीचा भाग करतो. शरीरातली नको असलेली सेंद्रिय आम्लं बाहेर टाकण्यासाठी तिथे खास वाहक प्रथिनं असतात आणि तीच या विषाला आत घेतात. म्हणून मार बसतो तो नलिकांना. गाळण्या बराच काळ टिकून राहतात.

आता नेहमीच्या तपासण्यांकडे पाहू. लघवीच्या पट्टीवर रंग बदलतो तो मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनामुळे, आणि अल्ब्युमिन झिरपतं गाळणी बिघडली की. नलिका बिघडली तर लघवीत लहान रेणूंची प्रथिनं येतात. पट्टी त्यांना जवळजवळ ओळखत नाही. त्यामुळे या रुग्णांच्या लघवीत पट्टीवर प्रथिनं थोडीच दिसत, आणि थोडी प्रथिनं पाहून कुणी घाबरत नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते असा एक टाकाऊ पदार्थ) तरी वेळेवर सांगेल असं वाटतं, पण त्याचीही एक खोड आहे. गाळण्याची क्षमता निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या रकान्यातच रेंगाळू शकतं. त्यात ते स्नायूंमधून तयार होतं. ज्या व्यक्तीचे स्नायू मुळात कमी आहेत, किंवा वजन उतरवताना चरबीसोबत स्नायूही झिजले आहेत, तिचं क्रिएटिनिन किडनीच्या खऱ्या अवस्थेपेक्षा बरं दिसतं. वजन घटवण्याच्या उपचारावर असलेल्या स्त्रीला हे नेमकं लागू पडतं. म्हणून क्रिएटिनिनच्या नुसत्या आकड्यावर न थांबता त्यावरून वय आणि लिंग धरून काढलेला जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, पाहावा आणि आधीच्या अहवालाशी ताडून पाहावा. ‘नॉर्मल’च्या मर्यादेत राहूनही क्रिएटिनिन 0.6 वरून 1.0 वर गेलं असेल, तर ती चढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मग खुणा काहीच नव्हत्या का? होत्या. किडनीच्या बिघाडाच्या मानाने रक्तक्षय फार जास्त होता. काही जणींच्या रक्तातली साखर ठीक असून लघवीत साखर येत होती, आणि ती नलिका बिघडल्याची थेट खूण आहे. सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या दिसत, कधी एक दुसरीपेक्षा लहान. रक्तदाब मात्र अनेकदा ठीक किंवा जेमतेम वाढलेला असे. पायाला सूज नाही, वेदना नाही, लघवी नेहमीसारखी. थकवा यायचा, पण वजन उतरवण्याच्या मागे लागलेल्या माणसाला थकवा येणारच, असा समज पक्का असतो.

या सगळ्या खुणांपेक्षा एक साधा प्रश्न अधिक कामाचा ठरला: याशिवाय तुम्ही आणखी काय घेता? तो विचारला गेला म्हणून दोन रुग्णांमधला धागा सापडला. किडनीच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला जावा, आणि डॉक्टरांनी विचारला नाही तर रुग्णाने आपणहून सांगावं, असं मी आग्रहाने म्हणेन. काढे, चूर्णं, बॉडीबिल्डिंगच्या पावडरी, वजनाच्या गोळ्या, सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामकं हे सगळं त्या यादीत यायला हवं. पुष्कळ लोक ते ‘औषध’ समजत नाहीत, म्हणून सांगत नाहीत. शक्य असेल तर डबी किंवा पाकीटच सोबत न्यावं. ब्रसेल्सचं कोडं सुटलं ते पावडर हातात होती म्हणून. नुसत्या नावावरून तपास चुकीच्याच वनस्पतीपाशी अडकला असता.

वेदनाशामकांबद्दल दोन वाक्यं अधिक लिहितो, कारण त्यांचा वापर कितीतरी व्यापक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. निरोगी माणसाने अधूनमधून एखादी घेतली तर सहसा बिघडत नाही, पण आधीच किडनी कमजोर आहे, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी घटलं आहे किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, अशा वेळी त्या धोक्याच्या ठरतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी जीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी करून घ्यावी. आजार लवकर कळला तर आज त्याचा वेग कमी करणारी औषधं हाताशी आहेत. 1992 मधल्या त्या स्त्रियांच्या वेळी ती सोय नव्हती.

डायलिसिस, आणि मग कुणाची तरी किडनी

किडनीची क्षमता पंधरा टक्क्यांच्या खाली गेली की बहुतेकांना पुढच्या टप्प्याची तयारी करावी लागते. रक्ताचं डायलिसिस म्हणजे सहसा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तासांच्या आसपास. ते जीव वाचवतं, यात शंका नाही. पण किडनी चोवीस तास जे करते, त्याचा एक भागच त्या बारा तासांत होतो. चाळिशीतल्या माणसासमोर असं आयुष्य वर्षानुवर्षं उभं असतं, तेव्हा प्रत्यारोपण हा अधिक चांगला उपाय ठरतो, आयुष्य वाढण्याच्या दृष्टीनेही आणि ते जगण्याच्या दृष्टीनेही. या आजारात एक दिलासा होता. विष बंद झालं की नव्या किडनीत हा आजार उलटत नाही. किडनीचे काही इतर आजार प्रत्यारोपणानंतर नव्या किडनीतही डोकं वर काढतात, तसं इथे नव्हतं.

या स्त्रिया ज्या देशात आजारी पडल्या, त्याचा अवयवदानाशी जुना आणि महत्त्वाचा संबंध आहे. 3 जून 1963 रोजी बेल्जियममधल्या लुव्हेनमध्ये गी अलेक्साँद्र या शल्यविशारदांनी मेंदूमृत रुग्णाची किडनी काढून प्रत्यारोपण केलं. हृदय चालू असलेल्या मेंदूमृत दात्याकडून झालेलं ते जगातलं पहिलं प्रत्यारोपण. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या रुग्णाचा मेंदू पूर्ण थांबला होता. रक्तप्रवाह चालू असतानाच काढल्यामुळे किडनी नव्या शरीरात लगेच काम करू लागली. घेणारा रुग्ण 87 दिवसांनी जंतुसंसर्गाने दगावला, पण किडनी तोवर चालत होती. मेंदूमृत्यू ठरवण्याचे कडक निकष अलेक्साँद्र यांनी तेव्हाच लावले होते: बाहुल्या विस्फारलेल्या, प्रतिक्षिप्त क्रिया बंद, यंत्र काढल्यावर श्वास नाही, मेंदूच्या विद्युत आलेखावर सपाट रेषा. समकालीनांपैकी अनेकांनी त्यांना विरोध केला. हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूची व्याख्या मांडली ती 1968 मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

नंतर, 13 जून 1986 रोजी बेल्जियमने अवयवदानाचा कायदा केला. ज्याने हयातीत नकार नोंदवलेला नाही, त्याची संमती आहे असं धरायचं, हे त्याचं तत्त्व. नकाराची नोंद प्रत्येकाला स्थानिक नगरपालिकेत जाऊन करता येते. लोक मोठ्या संख्येने नकार नोंदवतील अशी भीती होती, पण दोन टक्केही लोकांनी तसं केलं नाही.

या कायद्याच्या परिणामाची एक चांगली तुलना उपलब्ध आहे. लुव्हेनच्या केंद्राने नवी पद्धत स्वीकारली. अँटवर्पच्या केंद्राने, तत्त्वाबद्दल आक्षेप असल्यामुळे, आधी परवानगी विचारण्याची जुनीच पद्धत सुरू ठेवली. तीन वर्षांत लुव्हेनमधल्या दात्यांची संख्या वर्षाला 15 वरून 40 वर गेली. अँटवर्पमध्ये ती होती तिथेच राहिली. देश तोच, काळ तोच, रुग्णालयांचा दर्जाही साधारण तोच.

तरी सगळं श्रेय कायद्याला द्यायला मी तयार नाही. अतिदक्षता विभागात संभाव्य दाता वेळेत ओळखणारा, कुटुंबाशी शांतपणे बोलणारा, रात्री-अपरात्री शस्त्रक्रियागृह मिळवून देणारा समन्वयक नसेल, तर कायदा कागदावर राहतो. स्पेनमध्येही गृहीत संमतीचा कायदा 1979 पासून होता. तिथली संख्या वाढली ती 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर आणि रुग्णालयागणिक प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. घरच्यांशी झालेल्या बोलण्याचंही असंच आहे. ज्या कुटुंबात हा विषय आधी कधी निघाला आहे, तिथे त्या अवघड घडीला नातेवाइकांना अंदाज बांधत बसावं लागत नाही. आपली इच्छा काय आहे, हे दात्याच्या कार्डाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, घरच्यांच्या कानावर असणं महत्त्वाचं आहे.

बेल्जियम हा युरोट्रान्सप्लांट या संस्थेचा सदस्य देश. नेदरलँड्समधल्या लायडन इथे 1967 मध्ये यॉन व्हान रोड यांनी ती सुरू केली. एखाद्या दात्याची किडनी मिळाली की रक्तगट, ऊतींची जुळणी आणि प्रतीक्षेचा काळ पाहून ती कुणाला द्यायची हे अनेक देशांच्या एकत्रित यादीतून ठरतं. अशी यादी मोठी असली की अवघड जुळणी असलेल्या रुग्णालाही संधी मिळते. पण यादीत जेवढी माणसं आहेत तेवढ्या किडन्या कधीच नसतात. जगभरात होणारी अवयव प्रत्यारोपणं एकूण गरजेच्या दहा टक्केसुद्धा भरून काढत नाहीत, असा अंदाज आहे.

आता ब्रसेल्सच्या त्या कॅप्सूलकडे पुन्हा पाहावं. त्यांनी ज्यांना या यादीत आणून उभं केलं, त्यांतल्या कुणालाही तिथे असण्याचं कारण नव्हतं. त्यांना मिळालेली प्रत्येक किडनी त्यांच्या हक्काचीच होती, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या आजारी पडल्या नसत्या, तर त्याच किडन्या जन्मजात विकाराने किडनी गमावलेल्या एखाद्या मुलाला किंवा वर्षानुवर्षं थांबलेल्या कुणाला मिळाल्या असत्या. आयातीच्या वेळी पावडरीचा एक नमुना तपासला असता, तर रांग तेवढ्यापुरती तरी लहान राहिली असती.

जिवंत दात्याच्या बाबतीतही हा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. बहीण किंवा आई किडनी द्यायला पुढे आली, तर तिच्या दोन्ही किडन्यांची क्षमता, रक्तदाब, साखर, लघवीतली प्रथिनं हे सगळं काटेकोर पाहिलं जातं. एका घरातल्या दोघींनी मिळून एकाच ठिकाणचा उपचार घेणं यात अशक्य काहीच नाही. म्हणून ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न दात्यालाही विचारायचा. निरोगी दात्याची उरलेली किडनी काही आठवड्यांत आपलं काम वाढवते आणि बहुतेक दाते पुढे नेहमीसारखं आयुष्य जगतात. पण त्यांनीही दरवर्षी तपासणीला यायला हवं. ही जबाबदारी घेणाऱ्या केंद्रानेच दान घ्यावं.

दुसरा धक्का

1994 पासून एक नवी काळजी उभी राहिली. प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांच्या जुन्या, निकामी किडन्या काढल्या तेव्हा मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशी बदललेल्या आढळल्या. उंदरांमधल्या जुन्या प्रयोगांची आता आठवण झाली. जुन्या किडन्या सहसा शरीरातच ठेवतात, कारण त्यांचा त्रास नसतो. इथे मात्र त्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या कर्करोगाची जागा ठरू शकत होत्या. त्यात प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि त्यांनी कर्करोगाचा धोका वाढतो.

इरास्म रुग्णालयाने या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना जुन्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकण्याचा सल्ला दिला. काहींना नवी किडनी मिळालेली होती, काही अजून डायलिसिसवर होत्या. 39 जणांनी होकार दिला. जोएल नोर्तिए आणि सहकाऱ्यांनी 2000 साली निष्कर्ष मांडले: 39 पैकी 18 जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग होता. उरलेल्या 21 पैकी 19 जणांच्या अस्तरात कर्करोगाच्या दिशेने जाणारे बदल होते. ॲरिस्टोलोकियाची एकूण मात्रा 200 ग्रॅमच्या वर गेलेल्यांमध्ये धोका अधिक होता.

या शस्त्रक्रियेला होकार देणं सोपं नव्हतं. आधीच एका ‘उपचारा’ने किडनी घालवलेल्या माणसाला, काही दुखत-खुपत नसताना, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून सांगितलं गेलं. तरी त्या तयार झाल्या आणि काढलेल्या अवयवांचा सूक्ष्म अभ्यास होऊ शकला. त्यांना स्वतःला वेळेवर निदान मिळालंच, पण जगाला जो पुरावा मिळाला तो त्यांच्या किडन्यांमधून. अवयवदानाच्या यादीत त्यांची नोंद घेणाऱ्यांच्या रकान्यात आहे. मला वाटतं, देणाऱ्यांच्या रकान्यातही ती व्हायला हवी.

त्या पुराव्यानंतर गोष्टी हलल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये इशारा दिला. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकिया असलेली वनौषधं माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तैवानने 2003 मध्ये अशा अनेक वनस्पतींवर बंदी आणली.

बाल्कन प्रदेशातलं एक जुनं कोडंही याच धाग्याने सुटलं. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांमध्ये 1950 च्या दशकापासून एक किडनीचा आजार नोंदला गेला होता. तो ठरावीक घरांमध्येच दिसे आणि त्याच रुग्णांना मूत्रमार्गाचा कर्करोगही होई. पाणी, बुरशी, जड धातू अशी अनेक कारणं सुचवली गेली. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकिया क्लेमाटिटिसच्या बिया धान्यासोबत दळल्या जात असाव्यात, ही शंका एका संशोधकाने 1970 च्या सुमारास मांडली होती, पण ती मागे पडली. ब्रसेल्सच्या बायोप्सी आणि बाल्कनच्या बायोप्सी शेजारी ठेवल्यावर साम्य उघड झालं, आणि 2007 मध्ये आर्थर ग्रोलमन यांच्या गटाने बाल्कन रुग्णांच्या किडन्यांमध्येही तेच डीएनएचे अवशेष दाखवून दिले.

या वंशाच्या शेकडो जाती जगभर पसरलेल्या आहेत. मराठीत जिला ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात ती वेलही ॲरिस्टोलोकियाच आहे आणि तिच्यातही हे आम्ल असतं. वनस्पती जुनी आहे, परिचयाची आहे किंवा पूर्वजांनी वापरली आहे, यावरून ती किडनीला चालेल असं ठरत नाही. विषाचा परिणाम महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसत असेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवालाही तो सहज निसटतो. पोट बिघडलं तर कारण त्याच दिवशी कळतं. दहा वर्षांनी झालेल्या कर्करोगाचं कारण म्हणून कुणी एका काढ्याकडे बोट दाखवत नाही.

ब्रसेल्सच्या रुग्णांची देखरेख 2000 नंतरही संपली नाही. किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढल्या तरी मूत्राशय शरीरातच असतं आणि त्याच्या अस्तरालाही हे विष लागलेलं असतं. कॅप्सूल थांबवून दशक उलटल्यानंतरही काही जणींना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचं पुढच्या पाहणीत दिसलं. त्यामुळे नवी किडनी उत्तम चालत असली तरी या रुग्णांना ठरावीक काळाने दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती आयुष्यभर चालू ठेवावी असाच सल्ला दिला जातो.